पालकाची परवानगी

माझ्या भावाने तो बोलणारा डबा गुजरातहून आणला तेव्हा मी त्याला चांगलंच झापलं होतं. पोरगी सात वर्षांची, तिला पाढे धड येत नाहीत, आणि हा तिच्यासाठी स्मार्ट स्पीकर घेऊन आला. त्यावर तो नेहमीसारखा नुसता हसला. तो तिकडच्या मासेमारी बोटीवर खलाशी. पावसाळा सरताना जायचा, पुढचा पावसाळा तोंडावर आला की परतायचा. मधले आठ-नऊ महिने पोरीला बाप फोनवर दिसेल तेवढाच, आणि बोट आत गेली की तेवढाही नाही. आपण नसताना घरात कुणीतरी तिच्याशी बोलेल, असं त्याचं म्हणणं होतं. मी म्हटलं, तिची आई काय मुकी आहे? तरी डबा काही त्याने परत नेला नाही.

गावच्या घरात पडवीत बसून त्याने तो स्वतःच्या फोनला जोडला. नाव त्याचं, नंबर त्याचा. मग अर्धा तास खपून त्याने त्यात सकाळचा एक निरोप लिहून ठेवला. डब्याला मराठी नीट येत नाही; तो हिंदी बोलतो आणि मराठी लिहिलेलं वाचतो ते स्टेशनवर गाडीची सूचना देणाऱ्या बाईसारखं. रोज सकाळी सहाला ती बाई आधी माझ्या भावाचं नाव घेऊन सुप्रभात म्हणायची, कारण तिच्या लेखी घर त्याचं होतं, आणि मग वाचायची, "सहा वाजले. ऊठ गो बाय. पप्पा दर्यावर हाय." पहिल्या दिवशी आम्ही सगळे पोट धरून हसलो. पोरगी मात्र त्या आवाजावर शहाण्यासारखी उठायला लागली.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी भावाची बोट पलीकडच्या देशाच्या गस्तीवाल्यांनी धरली. आमच्या किनाऱ्यावर हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पाण्यावर रेघ मारलेली नसते. मासळी पुढे जाते, बोट मासळीच्या मागे जाते. बोटीच्या मालकाच्या, शेठच्या माणसाचा फोन आला, काही दिवसांनी मच्छीमार सोसायटीत नावांची यादी आली, यादीत भावाचं नाव होतं. पुढे दोन महिन्यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरातलं एक हिंदी पत्र आलं. तब्येत ठीक आहे, पोरीची शाळा सोडू नका. एवढंच.

भावजय गावात मासळी सुकवून विकायची. भाऊ अडकल्यावर तिने बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम धरलं आणि पोरीला घेऊन माझ्याकडे राहायला आली. मी इथेच एका कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट. लग्न केलं नाही. हिच्या तोंडापुढे कोण टिकणार, असं आमच्या गावात म्हणतात, आणि ते काही खोटं म्हणत नाहीत. माझ्या एका खोलीच्या घरात आम्ही तिघी मावलो, आणि खिडकीपाशी तो डबाही मावला.

पोरीला आम्ही काही सांगितलं नव्हतं. यंदा मासळी दूर सरकली, बोट लांब गेली, फोनला रेंज नाही. आधी हे आठ दिवसांपुरतं म्हणून सांगितलं, मग ते तसंच चालू राहिलं. भावजयीला धास्ती होती ती शाळेची. तुरुंग म्हटलं की पोरं चोर म्हणणार. पोरांना देशांमधल्या सीमा कळत नाहीत, चोर कळतो. तिच्यासोबत पॅकिंगला मासवणकडची एक बाई होती, तिचा नवराही त्याच बोटीवर. तिने आपल्या पोरांना पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं होतं. भावजयीने मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, त्यांचं त्यांच्यापाशी, आपली पोर लहान आहे. निर्णय भावजयीचा होता, पण त्यावर शिक्का मी मारला. हे लिहिताना मला ते तिच्यावर ढकलता येणार नाही.

पोरगी एकला शाळेतून यायची. शेजारीण दार उघडून द्यायची, जेवण झाकलेलं असायचं. माझी पहिली पाळी असेल तर मी साडेतीनपर्यंत घरी. मधले अडीच तास ती आणि डबा. ती त्याच्याशी फर्डी हिंदी बोलायची. बोईसरमध्ये पोरांना हिंदी शिकवावी लागत नाही, ती गल्लीतच मिळते. गाणी, कोडी, वाघाचा आवाज, घोड्याचा आवाज. माझी त्याला हरकत नव्हती.

एका शनिवारी मला सुट्टी होती. पोरगी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती आणि डब्याला काहीतरी लावायला सांगून विसरली होती. डब्याने आपल्या मनाने बातम्या लावल्या. मी भाजी चिरत होते. पलीकडच्या तुरुंगात असलेल्या आपल्या मछुआऱ्यांपैकी एकाचा आजारपणात मृत्यू झाल्याची बातमी मध्येच आली, शांत आवाजात, दोन वाक्यांत. मी सुरी टाकून धावले आणि वायरच उपटली. पोरीने मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली. तिने काही विचारलं नाही, म्हणजे तिला काही कळलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

मेलेला माणूस माझा भाऊ नव्हता. सोसायटीत फोन करून मी तासाभरात खात्री करून घेतली. तो गुजरातमधला कुणी वयस्क खलाशी होता. दुसऱ्याच्या घरात रडारड चालली असेल हे कळूनही मला हायसं वाटलं, आणि मला त्याची लाजही वाटली नाही. लाज नंतर वाटली.

दुसऱ्या दिवशी रविवारी दुपारी मी फोन घेऊन बसले. लॅबमध्ये माझ्या हाताखालच्या पोरी मला कुलूपवाली बाई म्हणतात, कारण मला प्रत्येक बाटलीला झाकण आणि प्रत्येक कपाटाला किल्ली लागते. मुलांच्या डब्याला कुलपं घालायची सोय असते हे मी ऐकून होते. मुलाचं वय विचारलं, ते भरलं. मग एकेक रकाना. घाणेरडे शब्द असलेली गाणी बंद. खरेदी बंद. अनोळखी माणसांचे फोन बंद. रोज दोन तासांच्या वर गप्पा नाहीत. बातम्या बंद. मला बरं वाटत होतं. कितीतरी महिन्यांनी या घरातली एखादी गोष्ट माझ्या हातात आली होती. सगळ्यात शेवटी पान आलं पालकाच्या परवानगीचं. पालकाच्या नंबरवर सहा आकडे पाठवले आहेत, ते इथे भरा. खाली फुल्या आणि शेवटचे दोन आकडे. ते आकडे माझ्या भावाच्या नंबरचे होते.

भावजय माझ्या खांद्यावरून बघत होती. तो नंबर ती अजून रोज लावायची हे मला माहीत होतं. कामावर जाताना, एकदाच, फोन बंद असल्याचं कंपनीची बाई सांगते ते पूर्ण ऐकून मग ठेवायची. आम्ही दोघी त्या दोन आकड्यांकडे बघत बसलो. आकडे कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी कपाटात बंद असलेल्या फोनकडे गेले होते. दहा मिनिटांनी पानच म्हणालं, वेळ संपली, पुन्हा प्रयत्न करा. मी पुन्हा केला. तिसऱ्यांदाही केला, निव्वळ रागाने.

मग मी दुसरा रस्ता शोधला. डबा पुसून कोरा करायचा आणि नव्याने माझ्या नावावर घ्यायचा. त्यात लिहिलं होतं की जुन्या माणसाचं नाव आणि त्याने लावून ठेवलेलं सगळं निघून जाईल. भावजयीने माझा हात धरला.

"ताई, त्यांचा नाव नका काढू. मानूस दर्यावर हाय."

आमच्या घरांतून ही रीत आहे. माणूस दर्यावर असला की त्याचं काही उचलून ठेवायचं नाही. त्याचा सदरा खुंटीवर असेल तर खुंटीवरच राहील, धुवायचाही नाही. तो खुंटीवरून निघतो तो माणूस परत आल्यावर, नाहीतर माणूस गेल्याची खात्री पटल्यावर. मी रसायनशास्त्र शिकले, पण भावाच्या सदऱ्याला मीही हात लावला नसता. पण हे यंत्र होतं. भाड्याच्या घरात खुंटी ठोकू देत नाहीत, सदरा गावीच राहिला होता, आणि या डब्यातलं नाव म्हणजे सदरा, हे माझ्या डोक्यात शिरायला तयार नव्हतं. मी तिला म्हटलं, ते काय रेशनकार्ड आहे का, उद्या तो आला की परत घालू. हात सोडवून घेतला आणि बटण दाबून धरलं. डब्याचा दिवा केशरी झाला, मग विझला.

पोरगी पलंगावर वही घेऊन बसली होती. तिने विचारलं, "पप्पांचा काढलास काय?"

मी मान वर न करता म्हटलं, "हो. आता ते नाय लागणार."

तिने बरं म्हटलं. मी नवं नाव भरलं, सहा आकडे लगेच माझ्या फोनवर आले, आणि पाच मिनिटांत सगळी कुलपं लागली.

सोमवारी सहाला डबा काही बोलला नाही. मी चहा गाळत होते, पाळीला जायची घाई होती, आणि खरं सांगायचं तर मला ती शांतता बरी वाटली. पोरगी आपली आपण उठली. भावजयीने तिची वेणी घातली, शाळेचा खाऊ भरून दिला. मंगळवारी तसंच. भावाचा तो निरोपही पुसला गेला, हे मला मंगळवारी कंपनीच्या बसमध्ये आठवलं. चुटपुट लागली, पण मी मनाची समजूत घातली की तो निरोप तसाही खोटाच झाला होता.

बुधवारी भावजयीने सुक्या बोंबलाची चटणी केली. पोरगी तिच्यावर जीव टाकते. तिने ताटात घेतलीच नाही. नुसता वरणभात खाऊन उठली. पोट बिघडलं असेल म्हणून मी ओवा दिला. गुरुवारी जवळा होता, तोही नको म्हणाली. शुक्रवारी कोलंबी आणली, खास तिच्यासाठी, तर म्हणे डाळ दे. मी आवाज चढवला. आपण कोण, आपलं खाणं काय, बोईसरला येऊन चार महिने झाले नाहीत तर मासळीचा वास यायला लागला का, असं काहीबाही बोलले. मला वाटलं शाळेत कुणीतरी चिडवलं असणार. ती ऐकून घेत होती. तिचा चेहरा इतका शांत होता की मला अजून राग आला. डब्याकडे ती फिरकतही नव्हती. दोन तासांची मर्यादा मी घातली होती, ती दोन मिनिटंही बोलत नव्हती. कुलपं चांगली लागली म्हणून मी मनातल्या मनात शाबासकी घेतली.

रविवारी सकाळी मी बाजारातून मांदेली आणली. भावजयीने तळली, घरभर वास सुटला. तिघी जेवायला बसलो. मी पोरीच्या ताटात चार मांदेल्या घातल्या आणि बजावलं की आज खाल्ल्याशिवाय उठायचं नाही. तिने ताटाकडे पाहिलं, मग आईकडे. आई खात होती. पोरीला जणू आमचाच अचंबा वाटत होता. मग ती हळूच, मोठ्या माणसाची चूक दाखवावी तशी, मला म्हणाली,

"आत्या, सुतकात मासळी खात नाय ना?"

मी विचारलं, कुणाचं सुतक. ती म्हणाली, पप्पांचं.

मागच्याच्या मागच्या वर्षी आमचा चुलता वारला तेव्हा ती गावात होती. खुंटीवरचा सदरा काढताना तिने पाहिला होता, आणि तेरा दिवस घरात मासळी शिजली नाही हेही. तेव्हा तिला कुणी बसवून काही समजावलं नव्हतं. लहान पोरांना कोण समजावतं? पोरांना आपोआप कळतं. तसंच हेही तिला आपोआप कळलं होतं. रोज सकाळी पप्पा दर्यावर हाय म्हणणारा आवाज बंद झाला होता. आत्याने पप्पांचं नाव आपल्या हाताने काढलं होतं, आणि आता लागणार नाही म्हणाली होती. सोमवारी दुपारी तिने एकटीने डब्याला पप्पांचा निरोप लावायला सांगितलं होतं, तर तो म्हणाला होता, या नावाचं इथे कुणी नाही. सात दिवस ती बापाचं सुतक पाळत होती. आम्ही मासळी खात होतो ते तिला कळेना, पण मोठी माणसं काहीतरी लपवतायत म्हणून तिने आम्हालाही सांभाळून घेतलं होतं.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. एवढी मोठी मी, बाटलीवर चुकीची चिठ्ठी लागली तर घर डोक्यावर घेणारी, आणि मी एका पोरीला सात दिवस बिनबापाची करून ठेवलं होतं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात; इथे तर मी कोंबडं झाकलं आणि अंधारच पसरवला. मला स्वतःची इतकी शरम पूर्वी कधी वाटली नव्हती.

भावजय उठली नाही, ओरडली नाही. उष्ट्या हातानेच तिने पोरीला जवळ ओढलं आणि म्हणाली, "पप्पा जिते हाय. तुरुंगात हाय."

मग ती सांगत गेली. बोट कशी धरली, कुणी धरली, यादी, पत्र. पत्र पोळीच्या डब्याखाली कागदात गुंडाळून ठेवलं होतं ते आणून पोरीच्या हातात दिलं. ज्या शब्दाला आम्ही चार महिने घाबरत होतो तो तुरुंग, आणि पोरीचा चेहरा तो ऐकून असा फुलला की मला बघवेना. ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. तिथे जेवायला देतात का, तिने विचारलं. देतात, भावजय म्हणाली. झोपायला जागा? असते. मग ती एकदम थांबली. त्या दिवशी डब्यातली बाई तुरुंगातला एक जण मेला म्हणाली, ते पप्पा नव्हते ना? म्हणजे तेही तिने ऐकलं होतं आणि ठेवून दिलं होतं. मी तिला सांगितलं की नाही, मी त्याच दिवशी फोन करून विचारलं होतं, तो दुसरा माणूस होता. ती म्हणाली, मग त्यांच्या घरी सुतक असेल. मी हो म्हटलं.

जरा वेळाने तिने विचारलं, कधी येतील. भावजयीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर तयार उत्तरं होती, सीझन, सण, पाऊस. मी ती गिळली. भावजयीला काय वाटलं कोण जाणे, ती उठली, हात धुतले, पदर सारखा केला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. इतक्या महिन्यांत ती त्या डब्याशी एक शब्द बोलली नव्हती. साहेबासमोर उभी राहावी तशी उभी राहून तिने मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "हमारा आदमी कब आयेगा?"

डबा म्हणाला, माफ करा, मला हे माहीत नाही.

ती तिथेच उभी राहिली. पोरगी माझ्याजवळून उठून तिच्याकडे गेली आणि तिचा हात धरून तिला ताटाकडे घेऊन आली. "त्याला नाय म्हायती, आई," ती म्हणाली. "आपल्यालाबी नाय म्हायती. बस, जेव."

त्या संध्याकाळी मी बातम्यांचं कुलूप काढलं. कोळ्याची पोर आहे, तिला बातमी लागणारच. फक्त बातमी लागते तेव्हा आता आमच्यापैकी कुणीतरी तिच्याजवळ बसतं. शाळेत तिने स्वतःच सांगितलं, आणि एका पोराने चोर म्हटलं तेव्हा त्याला पाण्यावर रेघ नसते हेही सांगितलं. त्याला ते पटलं नाही. मी जाऊन भांडणार होते, तिने जाऊ दिलं नाही.

भाऊ अजून आलेला नाही. दर रविवारी मी बाजारातून मासळी आणते, आणि आम्ही तिघी ती खातो.